विटांवाचूनची भट्टी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन केले. झोतभट्टीतील लोहरस सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापतो; विटांचे अस्तर तो सांभाळते. परंतु सूर्याप्रमाणे हायड्रोजनची अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवावयाची, तर पृथ्वीवर सुमारे १५ कोटी अंश लागतात. अशा विद्युत्भारित वायूला, म्हणजे प्लाझ्माला, चुंबकीय क्षेत्रच आवरते.

विद्युत्प्रवाहाने तो प्रथम तापतो. पण तापेल तसा त्याचा रोध घटतो आणि हा उपाय थिटा पडतो. म्हणून त्यात विद्युत्चुंबकीय तरंग सोडतात. चुंबकीय बलरेषांभोवती कण ठरलेल्या कंप्रतेने गिरक्या घेतात. तरंग त्यांच्याशी जुळले, की वेळेवर ढकललेल्या झोपाळ्याप्रमाणे कणांची ऊर्जा वाढत जाते. गांधीनगरजवळ १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘आदित्य’ यंत्रावर असे प्रयोग झाले आहेत. तापविण्यास लागते त्याहून अधिक ऊर्जा हाती येईल, तेव्हाच या भट्टीचे सार्थक होईल.