घरचे दुखणे आणि मेंदूचा शोध



'खाण तशी माती' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मुलाने बापाचे नाक घेतले, मुलीने आईचा गळा घेतला, म्हणजे घरातली वडीलधारी माणसे कौतुकाने ही म्हण म्हणतात. परंतु वारशाने नुसते नाक आणि गळाच येतो असे नाही. कधी कधी दुखणेही येते. आणि ज्या घरात ते येते, त्या घरातली माणसे त्याविषयी बोलत नाहीत. सोयरीक मोडेल, मुलींची लग्ने राहतील, गावात चार तोंडे बोलतील, या भीतीने ते झाकून ठेवतात. आज मी सांगणार आहे ती हकिगत अशाच एका झाकलेल्या दुखण्याची, आणि ते झाकण दूर करणाऱ्या एका विद्यार्थिनीची आहे.

सन १९६८. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर. सकाळच्या प्रहरी एक बाई ज्यूरीच्या कामासाठी न्यायालयाकडे निघाली होती. रस्ता ओलांडताना तिची पावले वेडीवाकडी पडू लागली. ते पाहून एका पोलिसाने तिला दटावले, की इतक्या सकाळी दारू पिऊन रस्त्यात फिरताना लाज कशी वाटत नाही? आता, बाईने दारूला स्पर्शही केलेला नव्हता. ती बिचारी मनातून चरकली. कारण तिच्या वडिलांची चाल शेवटी शेवटी कशी झाली होती, हे तिला ठाऊक होते.

या बाईचे नाव लिओनोर वेक्सलर. तिचे वडील याच दुखण्याने गेले होते आणि तिचे तिन्ही भाऊही त्याच वाटेने गेले. पण हा रोग पुरुषांनाच होतो, बायकांना होत नाही, असे तिला लहानपणी सांगण्यात आले होते. ते साफ खोटे होते. गंमत अशी, की घरातल्या या दुखण्यामुळेच लिओनोरला जीवशास्त्राची ओढ लागली होती. कोलंबिया विद्यापीठात तिने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला होता. तरीसुद्धा स्वतःच्या घरातल्या रोगाविषयी ती त्या चुकीच्या समजुतीवर विसंबून राहिली. शिकलेल्या माणसाच्या मनातही घरची समजूत किती खोल रुतून बसते, ते बघा.

हा रोग तरी कोणता? त्याला हंटिंग्टनचा आजार असे म्हणतात. साधारणपणे तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान तो डोके वर काढतो. आरंभी माणूस चिडचिडा होतो, विसरतो, हातातली भांडी पडतात. मग हात, पाय, चेहरा आपोआप हलू लागतात. माणसाने थांबवू म्हटले तरी थांबत नाहीत. पुढे बोलणे अडखळते, घास गिळणे कठीण होते, विचारशक्ती मंदावते. पंधरा-वीस वर्षे असे चालते आणि त्यातच शेवट होतो. आपल्या मेंदूच्या पोटात, अगदी खोलवर, शरीराच्या हालचालींना लगाम घालणारा एक भाग आहे. या रोगात त्या भागातल्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात. लगाम तुटला की घोडा जसा उधळतो, तसे शरीराचे होते.

रोगाला ज्यांचे नाव मिळाले ते डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन. त्यांना याची जिज्ञासा लागली तीही घरातूनच. त्यांचे वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर त्यांचा व्यवसाय चाले. लहानपणी वडिलांबरोबर गाडीतून जाताना जॉर्जने रस्त्याच्या कडेला दोन स्त्रिया पाहिल्या, आई आणि मुलगी. दोघी उंच, वाळलेल्या, अंगाला आळोखेपिळोखे देत, चेहरा वेडावाकडा करीत चालल्या होत्या. पोर घाबरले, आणि ते दृश्य त्याच्या मनातून कधी गेले नाही. पुढे १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी या रोगाचे वर्णन छापून प्रसिद्ध केले. हे त्यांना इतक्या लहान वयात कसे जमले? कारण एकाच गावातल्या त्याच त्या कुटुंबांवर आजोबांनी आणि वडिलांनी उपचार केले होते, आणि त्या तीन पिढ्यांची माहिती त्यांच्या हाताशी होती. हा रोग आईबापांकडून मुलांकडे येतो, मोठेपणी येतो, आणि ज्या मुलाला तो आला नाही त्याच्या पुढच्या वंशात तो पुन्हा उगवत नाही, हे त्यांनी नेमके लिहून ठेवले.

आता या वारशाचा हिशेब समजून घेऊ. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांच्या जोड्या असतात. जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. आजारी माणसाच्या एका जोडीत एक जनुक बिघडलेले असते आणि एक चांगले असते. मूल होताना त्यातले कोणते तरी एकच मुलाकडे जाते. म्हणजे नाणे उडवण्यासारखेच झाले. छापा पडला तर रोग, काटा पडला तर सुटका. आणि प्रत्येक मुलासाठी नाणे नव्याने उडवले जाते. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला, किंवा दोघे सुटले म्हणून तिसऱ्यावर आलेच, असे काही नाही. मुलगा काय, मुलगी काय, धोका सारखाच.

लिओनोरला दोन मुली होत्या. थोरली ॲलिस, जी पुढे इतिहासाची अभ्यासक झाली, आणि धाकटी नॅन्सी. वडील मिल्टन वेक्सलर हे मनोविश्लेषक होते. १९६८ साली त्यांनी दोघींना समोर बसवून सारे सांगितले, की आईला हा रोग आहे आणि तुम्हा प्रत्येकीला तो होण्याचा संभव निम्मा आहे. नॅन्सी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची होती. विचार करा, त्या घरावर काय प्रसंग आला असेल! पण या माणसांनी दार लावून घेतले नाही. मिल्टन यांनी वंशपरंपरेने येणाऱ्या रोगांच्या संशोधनासाठी एक संस्था उभी केली आणि तरुण शास्त्रज्ञांना एकत्र बोलावून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

नॅन्सी मिशिगन विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती. तिने आपल्या प्रबंधाचा विषयच असा घेतला, की ज्यांच्या डोक्यावर या रोगाची टांगती तलवार आहे, त्यांचे मन, बुद्धी आणि हातापायांवरचा ताबा कसा असतो. १९७४ साली तिला डॉक्टरेट मिळाली. म्हणजे स्वतःच्या घरात जो प्रश्न रात्रंदिवस सतावत होता, तोच तिने वहीत मांडला आणि अभ्यासाला घेतला. १९७८ साली तिची आई वारली. त्यानंतर तर हे काम तिच्या आयुष्याचेच होऊन बसले.

हे बिघडलेले जनुक नेमके कोठे आहे, हे शोधायचे तर एखादे फार मोठे कुटुंब हवे होते. पाच-दहा माणसांच्या घरात योगायोग कोणता आणि नियम कोणता, हे कळत नाही. असे कुटुंब दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशात, माराकायबो सरोवराच्या काठी होते. तेथल्या कोळ्यांच्या वस्त्यांत हा रोग घराघरांत आहे, हे अमेरिको नेग्रेटे या तिथल्याच डॉक्टरांनी १९५०-६० च्या दशकात दाखवून दिले होते. नॅन्सी १९७९ पासून दर वर्षी तेथे जाऊ लागली आणि वीस वर्षांहून अधिक काळ जात राहिली. काही घरे पाण्यात खांब रोवून बांधलेली, होडीतून जावे लागे. उन्हाचा कहर. लोक गरीब, आणि परक्या माणसाला रक्त द्यायला कचरणारे. आपल्याकडे तरी दुसरे काय होते? तेव्हा नॅन्सीने आपल्या दंडावरचा व्रण त्यांना दाखवला. तपासणीसाठी तिने स्वतःच्याही कातडीचा तुकडा दिला होता. माझी आईही याच रोगाने गेली, मीही तुमच्यातलीच आहे, हे तिने सांगितले. तेव्हा लोकांनी हात पुढे केले. ४ हजारांहून अधिक लोकांनी रक्त दिले, आणि १८ हजारांहून अधिक माणसांची वंशावळ कागदावर उतरली. नाशिक-पंढरपूरचे तीर्थोपाध्याय जशा वंशावळीच्या वह्या ठेवतात, तसेच हे काम. फरक इतकाच, की येथे नावापुढे रोगाचीही नोंद होती.

मग जेम्स गुसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रक्तात जनुकाची खूण शोधली. खूण म्हणजे काय? समजा, परगावी एखाद्याचे घर शोधायचे आहे आणि पत्ता ठाऊक नाही. पण ते पिंपळाच्या जवळ आहे एवढे कळले, तरी निम्मे काम होते. तसे, जनुकाच्या शेजारी असलेली आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्याच बरोबर जाणारी खूण १९८३ साली सापडली. जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे हे ठरले. पिंपळ सापडला, तरी घर सापडायला आणखी दहा वर्षे लागली. १९९३ साली अनेक प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांनी मिळून ते जनुक शोधून काढले. त्यातला बिघाड मोठा चमत्कारिक आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई अडकली की तेच ते शब्द पुन्हा पुन्हा वाजत राहतात ना, तसे त्या जनुकात तीन अक्षरांचा एक संकेत पुन्हा पुन्हा येतो. साधारण माणसात तो २६ वेळांपर्यंत येतो. ४० किंवा त्याहून अधिक वेळा आला, तर पुढेमागे रोग होणारच. त्या बिघडलेल्या जनुकाच्या हुकुमाने पेशीत जे प्रथिन तयार होते, तेच मज्जापेशींना मारक ठरते.

आता रक्ताच्या थेंबावरून रोग पुढे होणार की नाही, हे सांगता येऊ लागले. पण ज्ञान आले म्हणून प्रश्न संपला काय? रोग होणार हे कळले, आणि त्यावर मुळावर घाव घालणारा उपाय अजून हाती नाही, तर ते कळून घ्यावे की न घ्यावे? ज्या नॅन्सीच्या खटपटीमुळे ही तपासणी शक्य झाली, तिने आपला निकाल काय, हे वर्षानुवर्षे जगाला सांगितले नाही. आणि २०२० साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, तिने जाहीर केले, की हा रोग मलाही झाला आहे. तिच्या वाट्याला छापा आला होता. परंतु त्याआधीची पन्नास वर्षे तिने हातावर हात धरून घालवली नाहीत.

हा रोग आपल्या देशातही आहे. बंगळूरच्या निमहान्ससारख्या संस्थेत त्याची तपासणी होते. अनावर हालचाली कमी करणारी औषधे आहेत, आणि जनुकाचाच आवाज मंद करण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. प्रत्येक थरथर किंवा वेडीवाकडी हालचाल म्हणजे हा रोग नव्हे. मुलांना घसा दुखून पुढे संधिवाताचा ताप येतो, त्यातही अशा हालचाली होतात आणि त्या बऱ्या होतात. तांबे शरीरात साठून होणारा एक रोग आहे, त्यालाही उपचार आहेत. म्हणून बाहेरची बाधा म्हणून अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस न घालवता माणसाला मेंदूरोगतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. वारशाची तपासणी मात्र सज्ञान माणसाने, तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, स्वतःच्या मर्जीने करावी. सासरच्यांनी सुनेवर किंवा बापाने लहान मुलावर ती लादू नये.

शेवटी शिक्षक मंडळींना एक विनंती. तुमच्या वर्गात एखादा मुलगा असा असतो, की त्याची आई फेफऱ्याने पडते, आजोबा माणसे ओळखत नाहीत, किंवा भाऊ उशिरा बोलायला लागतो. इतर मुले हसतात, आणि तो मान खाली घालतो. एके दिवशी तो हळूच विचारतो, "गुरुजी, असं का होतं?" त्याला 'गप बस' म्हणू नका, आणि दैवाकडे बोटही दाखवू नका. ठाऊक असेल तेवढे सांगा, नसेल तर दोघे मिळून पुस्तकात पाहा. मेंदूची आकृती फळ्यावर काढा. त्या आजारी माणसाचे आज काय दुखते, काय जमते, याची नोंद वहीत ठेवायला त्याला शिकवा. जॉर्ज हंटिंग्टन यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी याहून वेगळे काय केले होते? तो मुलगा पुढे शास्त्रज्ञ होईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण घरच्या दुखण्याची त्याला लाज वाटणार नाही, आणि घरी गेल्यावर तो आईच्या उशाशी जरा अधिक समजुतीने बसेल. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.