वेठीतून सुटलेला वेळ

पावसाळा सरला की आरे-वारेच्या वळणावर गाड्यांची रांग लागते. एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे, खाली सुरूचे बन. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा माणूस इथे थांबतोच. थांबतो आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहतो, कारण फोटोत समुद्र मागे यायला हवा असतो! पर्यटकांना आम्ही हसतो खरे, पण दिवेलागणीनंतर आपल्याच वाड्यांतून एक फेरी मारावी. ओटीवर, पडवीत, चुलीपाशी, ज्याच्या त्याच्या तोंडावर मोबाईलचा उजेड. चार माणसे एका घरात आणि चारही चार दिशांना.

हा संध्याकाळचा वेळ आपल्याला कुठून मिळाला, याचा विचार आपण कधी करतो का?

कोकणात जमीन खोताची होती आणि कुळाचा दिवसही खोताचाच होता. आधी त्याच्या शेतावर वेठ, मग उरल्या उजेडात आपली पेज. महार वतनात तर वेळेला धनीच दुसरा. टपाल पोचवा, सांगावा सांगा, मेलेले ढोर ओढा. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, आणि घरचा कर्ता नसला तर दुसऱ्या कुणी जायचे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, त्यात आपल्या कोकणातली कुळे होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या तासांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आमच्या समजुतीप्रमाणे या सगळ्या लढ्यांत जमिनीइतकीच आणि मजुरीइतकीच मोठी मागणी वेळेची होती. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, तो वाचणार कधी आणि संघटना बांधणार कधी?

आता थोडा जमाखर्च मांडू. रोजचे दोन तास मोबाईलवर धरा. धरलेला आकडा आहे, कुणाचा कमी असेल, कुणाचा जास्त. वर्षाचे ७३० तास झाले. आठ तासांच्या दिवसाने भागले तर ९१ दिवस. म्हणजे तीन महिने. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास तेवढाच असतो! एक आख्खा वर्षावास आपण दरसाल अंगठ्याने वर सरकवून टाकतो. नावे पडलेली ही रक्कम जमेला कुठेच दिसत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही मोबाईलवर समाजाचेच काम करतो. पहाटे शंभर जणांना ‘जयभीम’ पाठवतो, बाबासाहेबांचे फोटो पुढे ढकलतो. ढकलतो हाच शब्द बरोबर आहे. पुढे ढकललेले कितीजण वाचतात? त्याच गटांत गावकीची भांडणे रात्री बारापर्यंत चालतात आणि सकाळी सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. चळवळ ही माणसाने माणसाच्या दारात जाऊन उभी केली. ती बोटाच्या टोकावर चालेल असे आम्हांला वाटत नाही.

मोबाईल फेकून द्या असे मात्र आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या चाकरमान्याचे तोंड म्हातारीला दिसते ते त्यातच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंडही त्यावर वाचता येतात. पण पंचशीलातले पाचवे शील आठवा. मद्य सोडायचे ते प्रमादाचे, म्हणजे गाफीलपणाचे, कारण आहे म्हणून. बाटलीला शिवला नाही पण पडद्यापुढे तीन तास बेभान बसला, तर तो गाफील नाही काय? आणि पौर्णिमेला अष्टशील घेणारे तर नाच-गाणी-तमाशे पाहणेही वर्ज्य करतात. मग त्या दिवशी तरी खिशातला तमाशा बंद नको का?

आता एक गोष्ट पुरुषांना स्पष्ट सांगायची आहे. सभेत उठून ‘बायका फार मोबाईल बघतात’ असे म्हणणे सोपे असते. कोंबड्याच्या आरवण्यापासून चूल, पाणी, गुरे, मजुरी उरकून तिला रात्री जो अर्धा तास मिळतो, तो तिचा एकटीचा असतो. तो सोडायला सांगण्याआधी भांडी घासायला हात लावा. तिला तासभर विहारात बसता येईल असे घर चालले, तर मोबाईल सोडा असे सांगावेही लागणार नाही.

एकट्याने ठरवून हे साधत नाही, गावाने ठरवले तर साधते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ते करून दाखवले. करोनाकाळात शाळा मोबाईलवर आली, ती परत गेली, पण मोबाईल पोरांच्या हातातच राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावात महिलांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचे ठरले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की मोकळे. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा. सुरुवातीला जमेल की नाही अशी शंका होतीच. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, तेव्हा गाव वळले. आम्हांला भोंग्यापेक्षा हे फिरणे महत्त्वाचे वाटते. यवतमाळ जिल्ह्यातील बांसी गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. पण मुलांना बंदी आणि बाप ओटीवर रील बघत बसलेला, हे किती दिवस टिकणार?

त्यांचा भोंगा देवळावर आहे. आपल्याला विहार आहे, आणि वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायची प्रथा तर आयतीच आहे. अडचण एवढीच की वाचणारा एक, ऐकणारे दहा आणि त्यांतले सहा मांडीवरच्या पडद्यात. म्हणून येत्या आषाढ पौर्णिमेपासून सात ते साडेआठ ही वेळ वाडीने पाळावी, असे आम्ही सुचवतो. दाराशी एक टोपली ठेवावी, आत येताना मोबाईल त्यात. आजारी-अडचणीसाठी एकच चालू, तोही दाराजवळ बसणाऱ्याकडे. पहिला अर्धा तास ग्रंथवाचन, आणि वाचक रोज नवा, आठवी-नववीच्या मुलींपासून सुरुवात. अडखळल्या तर अडखळू द्या. उरलेला तास मुलांचा अभ्यास. बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनी गणित-इंग्रजीला बसावे, ज्येष्ठांनी खोतीच्या आठवणी सांगाव्यात, कुणी त्या वहीत उतरवून घ्याव्यात. म्हातारी माणसे थोडीच उरली आहेत.

मुंबई शाखेच्या मंडळींनी तेवढे लक्षात ठेवावे : गावी फोन साडेआठनंतर करावा.