गोळी पोटात, औषध गाळात

ओहोटीच्या वेळी शिवडीच्या खाडीकडे पाहिले की आपल्याला काळा चिखल दिसतो. नाकाला रुमाल लावून आपण पुढे जातो. परंतु वाचकहो, हा चिखल मेलेला नाही. समुद्राच्या एक चौरस मीटर गाळात दहा लाखांवर बारीक जीव असू शकतात. एक मिलिमीटर भोकांच्या चाळणीतूनही ते खाली पडतात. त्यांत धाग्यासारखे सूत्रकृमी सर्वांत जास्त. त्याखालोखाल कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या भावकीतले प्राणी. कित्येक माशांची पिल्ले यांच्यावरच पोसतात.

या जीवांपैकी पुष्कळांचे अन्न म्हणजे जीवाणू. इटलीच्या एल्बा बेटाजवळ एक पांढरा किडा सापडतो. त्याला तोंड नाही, आतडे नाही. कातडीखालचे जीवाणूच त्याला पोसतात. आता जीवाणू मारणारे औषध अशा गाळात उतरले, तर काय होईल? औषधाचा घाव किड्यावर नाही, त्याच्या ताटावर पडतो.

हे औषध तेथे पोहोचते कसे? नॉर्वेत समुद्रात जाळ्यांचे पिंजरे लावून सामन मासे पाळतात. (आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण तो मासा वेगळा.) माशांना रोग झाला की खाद्यातून ऑक्सिटेट्रासायक्लिन देत. त्यातले बरेचसे माशाच्या अंगी लागत नाही. विष्ठेबरोबर आणि उरलेल्या खाद्याबरोबर ते तळाशी बसते. समुद्रातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे त्याचा जोर कमी होतो. तरी ते गाळात कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकते. पिंजऱ्यांखालच्या गाळात औषधाला न जुमानणारे जीवाणू वाढलेले आढळले आहेत.

नॉर्वेवर बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. आपण अमॉक्सिसिलिनची गोळी घेतो, तिचा अर्ध्याहून अधिक भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. ती लवकर विघटित होते, हे त्यातल्या त्यात बरे. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र गाळाला चिकटून बसते. आजारात गोळी घ्यावीच लागते, त्यात कसली लाज? पण साध्या सर्दीला दुकानातून आणलेली, दोन दिवस खाऊन मोरीत टाकलेली गोळी गटाराने खाडीत जाते, त्याचे काय? सर्दी विषाणूंची, तिच्यावर ही औषधे चालतच नाहीत.

नॉर्वेने 1987 साली माशांसाठी सुमारे 50 टन प्रतिजैविके वापरली होती. पुढे लस आली. एकेका पिल्लाला सुई टोचायची, केवढा खटाटोप! पण 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत आकडा एक-दोन टनांवर आला, आणि मासे मात्र कितीतरी वाढले. चिलीला हे जमलेले नाही. तिथला मुख्य रोगजंतू माशाच्या पेशींच्या आत दडतो, आणि लस त्याच्यावर नीट चालत नाही. 2014 साली तेथे 500 टनांहून अधिक औषध माशांच्या खाद्यातून समुद्रात उतरले.