डोक्यावरचा पट्टा आणि घरट्यातला संसार
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोड गळ्याच्या गायिकेला आपण गानकोकिळा म्हणतो. प्रत्यक्षात ‘कुहू’ अशी साद घालतो तो काळा नर. ठिपकेदार मादीचा आवाज तुटक आणि कर्कश असतो. भाषेनं नराचं गाणं मादीला देऊन टाकलं! पक्षीशास्त्रानं मात्र नेमकं उलटं केलं. गाणं म्हणजे नराचंच, असं बराच काळ गृहीत धरलं. २०१४ मध्ये गाणाऱ्या पक्ष्यांच्या तीनशेहून अधिक जातींची माहिती तपासली गेली, तेव्हा त्यातल्या सुमारे ७१ टक्के जातींत माद्याही गातात असं दिसून आलं.

मादीचं रूप आणि स्वभाव यांवर तिचा संसार किती अवलंबून असतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण उत्तर अमेरिकेत सापडतं. कॅनडाच्या आणि ईशान्य अमेरिकेच्या जंगलांत पांढऱ्या गळ्याची एक चिमणी वीण करते. नाव चिमणी असलं तरी आपल्या घरचिमणीशी तिचं जवळचं नातं नाही. या जातीत दोन रूपं आहेत. काहींच्या डोक्यावर लख्ख पांढरे पट्टे, तर काहींच्या डोक्यावर मातकट. हा फरक नर-मादीचा नाही आणि वयाचाही नाही, हे १९६१ मध्ये स्पष्ट झालं. दोन्ही रूपांत नर असतात, माद्याही असतात.

पट्ट्याचा रंग बदलला की स्वभावही बदलतो. पांढऱ्या पट्ट्याची मादी गाते, आपल्या हद्दीत कुणी शिरलं तर अंगावर धावून जाते. मातकट मादी क्वचितच गाते. तिचा वेळ पिलांना भरवण्यात अधिक जातो.

आता गंमत पाहा. शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक जोड्या विजोड असतात, म्हणजे पांढऱ्याची जोडी मातकटाशीच जमते. कॅनडातल्या अभ्यासकांना १९९४ मध्ये असं आढळलं, की दोन्ही प्रकारच्या माद्यांचा ओढा मातकट नराकडेच असतो. तो जोडीदारणीजवळ राहतो, पिलांना चारा आणतो. मात्र पांढरी मादी भांडखोर. ती मातकट मादीला बाजूला सारून असा नर पटकावते. त्या घरट्यात दोघंही राबतात. मातकट मादीच्या वाट्याला येतो पांढरा नर. तो खूप गातो, जोरात भांडतो आणि शेजारणींच्या मागे लागतो. मग पिलांचा भार मुख्यतः तिच्यावरच पडतो. माणसांच्या संसाराची मापं पाखरांना लावू नयेत हे मला मान्य आहे, पण हे वाचताना ओळखीची काही घरं डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाहीत.

मग सगळ्याच माद्या पांढऱ्या का झाल्या नाहीत? याचं उत्तर एलेना टटल या संशोधिकेनं शोधलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात पंचवीसहून अधिक वर्षं तिनं या पक्ष्यांचा माग ठेवला. पट्टा आणि स्वभाव एकत्र का येतात, तर दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला आहे. त्यात हजाराहून अधिक जनुकं आहेत आणि ती गठ्ठ्यानंच पुढच्या पिढीत जातात. पांढऱ्या पक्ष्यात असा उलटा तुकडा एकच असतो, मातकट पक्ष्यात एकही नसतो. दोन्ही तुकडे उलटे असलेला पक्षी अगदी दुर्मीळ. विजोड जोडीतून दोन्ही रूपांची पिलं साधारण निम्मी-निम्मी निपजतात, त्यामुळे कुठलंच रूप संपत नाही. टटल यांचा हा शोधनिबंध २०१६ च्या जानेवारीत आला. त्याच वर्षी कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

पुढे २०२० मध्ये एमरी विद्यापीठातल्या चमूनं त्या गठ्ठ्यातलं एक जनुक शोधून काढलं. मेंदूला इस्ट्रोजेन या संप्रेरकाची दखल घ्यायला लावणारं हे जनुक. पांढऱ्या पट्ट्याच्या पक्ष्यांत त्याचं काम मंदावलं, की त्यांचा आक्रमकपणा मातकटांइतका खाली येतो.

म्हणजे भांडून नर मिळवणाऱ्या आईच्या घरट्यातही निम्म्या लेकी मातकट निघतात. अशा लेकीला पुढच्या वसंतात बहुधा पांढरा जोडीदार मिळणार. तो झाडावर बसून गाणार आणि चोचीत किडे धरून फेऱ्या मारणं बहुतेक तिच्याच वाट्याला येणार.