पासवर्ड आठवतो, पण डिस्क उघडत नाही

साध्या हार्डडिस्कवर चुकून झटपट फॉरमॅट मारलं, तरी लगेच हातपाय गाळायचं कारण नसतं. बहुतेक वेळा फाइलींची यादी तेवढी पुसली जाते, मजकूर जागेवर पडून असतो आणि रिकव्हरीवाला तो बऱ्यापैकी उकरून काढतो. एन्क्रिप्ट केलेल्या पार्टिशनवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली, तर मात्र तोही हात टेकतो.

लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करण्यासाठी ‘लक्स’ ही पद्धत सर्रास वापरतात. क्लेमेन्स फ्रुविर्थ यांनी ती आखली. यात डेटा आपल्या पासवर्डनं एन्क्रिप्ट होतच नाही. संगणक स्वतःच एक यादृच्छिक मुख्य चावी तयार करतो, बहुधा ५१२ बिट, म्हणजे जेमतेम ६४ बाइटची. पासवर्ड राखतो फक्त ही चावी, आणि ती असते पार्टिशनच्या अगदी सुरुवातीला, हेडरमध्ये. नेमकं तिथंच इन्स्टॉलर पहिला घाव घालतो. नव्या सिस्टिमलाही तोच पासवर्ड दिला, तरी उपयोग शून्य. मुख्य चावी आता वेगळी असते.

त्यातून ही चावी मुद्दाम नाजूक केलेली. हार्डडिस्क खराब सेक्टर परस्पर बदलते आणि पुसलेल्या चावीचा अंश जुन्या सेक्टरमध्ये मागे राहू शकतो. तो चोराच्या हाती लागू नये म्हणून लक्स चावीला ४००० पट फुगवून सुमारे अडीच लाख बाइटांत पसरतं. त्यातला छोटासा तुकडा बिघडला की चावी संपली. चोरासाठी केलेली ही तजवीज मालकालाही तितकीच निष्ठुरपणे लागू होते. ‘लक्स २’मध्ये हेडरमधल्या माहितीच्या दोन प्रती असतात, पण चाव्यांचा भाग एकच, त्या दोन प्रतींवर विसंबण्यात अर्थ नाही.

विंडोजला तर लक्सचं पार्टिशन ओळखूच येत नाही. डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा, असं ते साळसूदपणे सुचवतं!

घाव बसला तेव्हा पार्टिशन उघडं असेल, तर मुख्य चावी अजून मेमरीत असते. अशा वेळी संगणक बंद न करता आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. खरा इलाज मात्र आधीच करायचा असतो: ‘क्रिप्टसेटअप’ या लक्सच्या साधनाच्या एका आज्ञेनं हेडरची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवणं. लक्स २चं हेडर साधारण १६ एमबीचं. पुढं पासवर्ड बदलला तरी त्या प्रतीला जुनाच पासवर्ड चालतो, तेव्हा तो पेनड्राइव्हही कपाटात कुलपाखालीच हवा.