गोचीड तापाची लस : जिवंत आहे म्हणून जपायची

– ऊस विकास अधिकारी



उसाचे बिल हाती पडेपर्यंत घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर, हे आपणांस वेगळे सांगायला नको. त्यामुळे गोठ्यातली संकरित कालवड दगावली, तर शेतकऱ्याचे दोन-तीन वर्षांचे गणित कोलमडते. अशा मृत्यूचे एक मोठे कारण म्हणजे गोचीड ताप, अर्थात थायलेरिओसिस. या रोगावर लस आहे. परंतु ती कशी बनते हे समजल्याशिवाय तिचा पुरता फायदा घेता येत नाही.

रोग कसा होतो?

थायलेरिया ॲन्युलाटा हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. हायलोमा जातीचा गोचीड लहानपणी बाधित जनावराचे रक्त पितो आणि मोठा झाल्यावर दुसऱ्या जनावराला चावतो, तेव्हा लाळेतून हा परजीवी आत जातो. तेथे तो रक्तातील पांढऱ्या पेशीत शिरून त्या पेशीलाच भराभर वाढायला लावतो. उसात गवताळ वाढ झाली की नुसते फुटवेच फुटवे येतात, तसाच हा प्रकार. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०४ ते १०६ अंशांवर जातो, दूध आटते. पुढे परजीवी तांबड्या पेशींत शिरतो व जनावर पांढरे पडते. गावठी जनावर बहुधा तग धरते. होलस्टीन वा जर्सी रक्ताच्या वासराला मात्र हे झेपत नाही.

लस कशी तयार झाली?

पहिले प्रयत्न अल्जेरियात एदमों सेर्जां व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. सौम्य रोगाच्या जनावराचे रक्त ते निरोगी जनावरास टोचीत. पण रक्ताबरोबर दुसरे रोगही जाण्याची भीती होती. १९४५ साली पॅलेस्टाईनमध्ये चेर्नोमोरेट्झ यांनी बाधित पेशी काचेच्या भांड्यात वाढवून दाखविल्या आणि वाट मोकळी झाली. अशा पेशी एका भांड्यातून दुसऱ्यात, पुन्हा तिसऱ्यात, असे महिनोन् महिने करीत गेले की परजीवीची रोग करण्याची ताकद मोडते. पण शरीर त्याला ओळखायला शिकते. हीच ती लस. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ साली हैदराबादेत सुरू केलेल्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची ‘रक्षावॅक-टी’ ही लस याच पद्धतीची आहे.

काळजी काय घ्यावी?

या लसीतील पेशी जिवंत असतात. त्या मेल्या की बाटलीत नुसते पाणी उरले असे समजा. म्हणून ती फ्रीजमध्ये चालत नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात, तशाच भांड्यात, उणे १९६ अंशांवर ती ठेवावी लागते. बाहेर काढून वितळवली की लगेच वापरावी लागते. एका वासरासाठी बाटली फोडली तर बाकीचे डोस वाया जातात. तेव्हा वस्तीवरच्या आठ-दहा जणांनी मिळून डॉक्टरांकडे मागणी नोंदवावी व ठरल्या दिवशी वासरे एका जागी आणावीत. वासरू दोन महिन्यांवरचे व निरोगी असावे. गाय गाभण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून गोचिडांचा जोर वाढण्यापूर्वीच लस टोचून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. लस रोग अडवते, गोचीड मारत नाही. आणि गोचीड इतरही रोग आणतो. हायलोमा गोठ्याच्या भिंतीच्या फटींत व गव्हाणीच्या सांध्यांत लपतो. त्या फटी लिंपून घ्या. गळीत हंगामात गावोगावचे बैल एकत्र येतात, तेव्हा अंगावरचे गोचीड तपासा. ताप व गाठ दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. बुपार्वाक्वोनचे इंजेक्शन लवकर मिळाले तरच गुण येतो.

बेणे प्रक्रियेला जो खर्च येतो तो आपण वाया गेला असे म्हणत नाही. कालवडीच्या लसीचेही तसेच समजावे, ही विनंती.