श्रवणयंत्र घेण्यापूर्वी...

'ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत,' ही ज्येष्ठांची नेहमीची तक्रार. वयोमानानुसार अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी हरपतात. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात. स्वर मात्र बहुधा शाबूत राहतात. म्हणूनच ओरडून बोलल्याने फारसा उपयोग होत नाही.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. कधी कधी दोष केवळ साचलेल्या मळाचा असतो. मग ऑडिओग्राम काढावा. त्या आलेखाबरहुकूम यंत्र जुळवून घ्यावे लागते. जाहिरातीतले स्वस्त ध्वनिवर्धक सारेच आवाज सरसकट वाढवतात, पंख्याची घरघरसुद्धा!

किंमत चढते ती चॅनेलची संख्या आणि गोंगाट-नियंत्रणासारख्या सुविधांमुळे. घरात दोन-चार माणसांतच वावरणाऱ्यास त्या साऱ्यांची गरज असतेच असे नाही. कानात दडणारे इवलेसे यंत्र आकर्षक खरे. पण थरथरत्या बोटांना त्याची बॅटरी बदलणे जमेल का? पुन्हा जुळवणी व दुरुस्ती किमतीत धरली आहे का, हेही विचारावे.

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना मोफत यंत्राची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र व्यक्तींना एकदाच ३,००० रुपये मिळतात. डिजिटल यंत्रांच्या किमती पाहता ही रक्कम तुटपुंजीच.

नवे यंत्र सुरुवातीस शांत खोलीत, रोज थोडा वेळ लावावे. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात.